आरोग्याच्या पानावर मशेरीही यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्याच्या पानावर साखर, मैदा, चालणं, झोप यांवर चांगले लेख येतात. ज्वारी-बाजरीकडे परत वळा, हे तर मला मनापासून पटतं. पण मी जवळजवळ तीस वर्षं सातारा जिल्ह्यात उपकेंद्रांवर आरोग्यसेविका होते, आणि त्या पानावर मी दर वेळी एक शब्द शोधते. तो सापडत नाही. मशेरी.

मशेरी म्हणजे दातांना चोळायची भाजलेली तंबाखूच. तंबाखूवर लिहून येतं, नाही असं नाही. पण चित्र असतं सिगारेटचं. आपल्या राज्यात 2016-17च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ 3.8 टक्के निघाले आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. गुटख्यावर राज्यात 2012पासून बंदी आहे. मशेरी मात्र घरच्या चुलीवर तयार होते, तिला कुठली बंदी अडवणार?

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, बारीक करायची आणि डबीत भरायची. भाजताना शेजारच्या घरांनाही ठसका लागतो. सकाळी उठलं की बोटावर घेऊन दातांना चोळायची, मग जेवणानंतर, मग झोपताना. ती तोंडात तशीच ठेवून बायका अंगण झाडतात, पाणी भरतात.

गृहभेटीला गेलं की विचारायचं असतं, "मावशी, तंबाखू खाता का?" उत्तर ठरलेलं, "छे गं बाई, मी कशाला खाऊ?" ती खोटं बोलत नसते. तिच्या लेखी तंबाखू म्हणजे गड्यांनी चुना लावून मळायची, आणि मशेरी म्हणजे दात घासायची. सुरुवातीची काही वर्षं मी 'नाही' लिहून पुढच्या घरी जात राहिले, याचं मला आजही वाईट वाटतं. पुढे मी प्रश्न बदलला. "दिवसातनं किती वेळा लावता?" लगेच उत्तर यायचं, "लई न्हाय, तीनदा."

सवय बऱ्याचदा दाढेपासून लागते. पोरीची दाढ ठणकते, घरातलं कुणीतरी मोठं माणूस चिमूटभर मशेरी देतं, थोडा वेळ बरं वाटतं. कीड दाढेत तशीच राहते आणि पोरीला मशेरी जडते. मग तीच पोर लग्न होऊन गरोदर राहते तेव्हाही डबी सोबत असते. मुंबईतल्या 1217 गरोदर बायकांचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं होतं. अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला शंभर ग्रॅम म्हणजे किती, हे ज्यांनी काट्यावर बाळं ठेवली आहेत त्यांना विचारा.

तोंडाच्या कॅन्सरचं सांगायला नको. पण बघायचं कुठे, हे सांगायला हवं. खालचा ओठ उलटा करून हिरडीजवळची खाच आणि गालाची आतली बाजू उजेडात बघावी. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट सोसेनासं होणं, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही असलं तर लगेच दाखवावं. माझ्या भागातली एक बाई असला चट्टा उष्णतेचा म्हणून वर्षभर तूप लावत राहिली. नंतर तिचा जबड्याचा भाग काढावा लागला.

"सोडा" म्हटलं की बाया म्हणतात, लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. या बोलण्याला कुणी हसू नये. निकोटीनने आतड्याची हालचाल वाढते, त्यामुळे सवय तुटल्यावर काही दिवस खरंच पोट अडतं, डोकं जड होतं, चिडचिड होते. हे आधीच सांगून ठेवलं, आणि कोमट पाणी, पालेभाजी, उसळ वाढवली, तर बाई टिकते. नुसतं 'वाईट आहे' म्हणून ती टिकत नाही. मी झोपतानाची आधी सोडायला लावत असे, मग दुपारची. सकाळची सगळ्यात शेवटी, कारण तीच सर्वांत अवघड.

म्हणून विनंती आहे. पुढच्या वेळी तंबाखूवर छापाल तेव्हा 'मशेरी' हा शब्द मथळ्यात घ्या, चित्रात तिची डबी दाखवा. आपलं पान वाचणाऱ्या डॉक्टरांनी आणि आशाताईंनी 'तंबाखू खाता का'बरोबर 'मशेरी लावता का' हेही विचारावं. सोडायला मदत हवी असेल तर 1800112356 हा शासनाचा मोफत क्रमांक आहे. बाई आपणहून तो सहसा लावत नाही. लेकीने किंवा सुनेने लावून दिला, शेजारी बसली, की बोलते.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
जि. सातारा