पायऱ्या 785 की 1368?

महोदय,

जपानच्या शिकोकू बेटावर, कागावा प्रांतात, कोतोहिरा हे डोंगरावरचे जुने देवस्थान आहे. लोक त्याला प्रेमाने 'कोंपिरा-सान' म्हणतात. हा कोंपिरा म्हणजे आपला संस्कृत 'कुंभीर', गंगेतली मगर. म्हणून तो दर्यावर्दींचा रक्षक. 1868 साली मेइजी सरकारने बौद्ध धर्म आणि शिंतो हा जपानचा मूळ धर्म वेगळे केले आणि इथल्या देवाचे नाव बदलले, पण तोंडात बसलेले नाव तसेच राहिले. डोंगराचे नावही 'झोझु-सान', म्हणजे हत्तीचे डोके.

सहलीच्या पत्रकांत '785 पायऱ्या' एवढेच छापतात. त्या मुख्य मंदिरापर्यंतच्या. वरच्या गाभाऱ्यापर्यंत, म्हणजे ओकुशापर्यंत, आणखी 583, एकूण 1368. पर्वतीच्या 103 पायऱ्यांवर अंदाज बांधणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

बहुतेकांची फसगत होते ती 628व्या पायरीवर. तिथले आसाही-शा इतके मोठे आणि कोरीव आहे की तेच मुख्य मंदिर समजून लोक परत फिरतात. ते पूर्वीचे बौद्ध मंदिर. खरी कसोटी त्यापुढे आहे. मुख्य मंदिराआधीच्या शेवटच्या 133 पायऱ्या खड्या आहेत, तिथे दम लागतो. एक गंमत अशी की वाटेत एक पायरी खाली उतरते. चढायच्या 786, त्यातली ही एक वजा. 7-8-6 हे आकडे जपानीत 'ना-या-मु' असे वाचता येतात आणि त्याचा अर्थ होतो 'चिंता करणे', म्हणून ही तोड काढली असे सांगतात.

365व्या पायरीवर महाद्वार. त्याच्या आत पांढऱ्या छत्र्यांखाली मिठाई विकणारी पाच दुकाने आहेत, तो हक्क फक्त त्या पाच घराण्यांचा. पाणी मात्र खालीच घ्यावे. पायथ्याच्या दुकानांतून बांबूची काठी जरूर घ्यावी. चढताना तिची फारशी गरज वाटत नाही, उतरताना गुडघे तिची आठवण काढतात. पावसात दगड निसरडे होतात, चपला नकोत.

477व्या पायरीजवळ ओमोते-शोइन ही जुनी दिवाणखान्यासारखी इमारत आहे. मारुयामा ओक्यो या चित्रकाराने रंगवलेले तिथले वाघ पाहायला वेगळे तिकीट लागते. हे सहसा घाईत सुटते, ते सोडू नये.

मुख्य मंदिरापर्यंत अर्धा-पाऊण तास, तिथून ओकुशाला आणखी अर्धा तास धरावा. वरची वाट झाडीतली आणि शांत. ओकुशाच्या बाजूच्या कड्यावर तेंगूचे, म्हणजे जपानी दंतकथांतल्या डोंगरी भुताचे, मुखवटे कोरलेले आहेत, मान वर केल्याशिवाय दिसत नाहीत.

ताकामात्सू शहरातून कोतोदेन रेल्वेने साधारण तासाभरात कोतोहिराला पोहोचता येते. सहल कंपन्या इथे दीड तास देणार असतील, तर प्रवाशांनी आधीच तीन तास मागून घ्यावेत.

— एक वाचक, पुणे