मॅडम, तुम्ही खाली बसलात त्याबद्दल थँक्यू

मॅडम,

समोर येऊन बोलायला गेले की तुम्ही "बरं बरं, चल कामाला लाग" म्हणून विषयच संपवता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. रागावलात तरी चालेल.

त्या दिवशी कोर्टात आपलं मॅटर, म्हणजे आपली केस, पुकारलं तेव्हा तुम्ही उभ्या होतात आणि मी मागे फाइल सांभाळत, नेहमीसारखीच. जजसाहेबांनी लिमिटेशनचा, म्हणजे केस कायद्याच्या मुदतीत दाखल झालीय का, हा प्रश्न काढला आणि तुम्ही म्हणालात, "या मुद्द्यावर माझी सहकारी बोलेल, अभ्यास तिचाच आहे." आणि चक्क खाली बसलात. वकील नसलेल्यांना यात काय एवढं असं वाटेल, पण एका बाजूने एका वेळी एकच वकील बोलतो, त्यामुळे सिनिअर बसला की संपलं, आता जे काय सांगायचं ते तूच सांग. मला घाम फुटला. मधेच एकदा अडकले, समोरचे वकील लगेच उठायला लागले, मला वाटलं आता तुम्ही उठणार. तुम्ही नाही उठलात. पिवळा फ्लॅग लावलेलं पान फक्त माझ्याकडे सरकवलंत, नेमक्या पॅराग्राफवर बोट ठेवून, आणि नजर सरळ जजसाहेबांकडे, जणू काही मी मुद्दामच थांबलेय. पुढे ऑर्डर काय झाली ते जाऊ दे, ते बोट मात्र मी विसरणार नाही.

आधीच्या चेंबरचं नाव घेत नाही. तिथे मी केलेला ड्राफ्ट माझ्यादेखत क्लायंटला "रात्रभर बसून केलाय हो मी" म्हणून दाखवला जायचा आणि तोच क्लायंट चिडला की लगेच "काय करणार, हल्लीचे ज्युनिअर". कोर्टात माझं काम एकच, सर दुसऱ्या कोर्टात आहेत, पासओव्हर द्यावा, म्हणजे आपली केस थोड्या वेळाने घ्यावी, एवढं सांगायचं. आणि हेच सर लीडरशिपवर भाषणं द्यायचे बरं का, टाळ्या पण मिळायच्या!

खरं तर दोष एकट्या त्यांचा नाही. या पेशात माणूस एकट्याने चमकायला शिकतो. मूट कोर्टात, म्हणजे लॉ कॉलेजच्या लुटुपुटुच्या खटल्यांच्या स्पर्धेत, बेस्ट स्पीकरला बक्षीस असतं, शेजारच्याला बोलू दिलं म्हणून कोणाला ट्रॉफी मिळालेली मी तरी पाहिली नाही. मग तोच माणूस चेंबर टाकतो, हाताखाली ज्युनिअर, क्लार्क, टायपिस्ट येतात, आणि ही माणसं कशी सांभाळायची ते त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. अमेरिकन बार असोसिएशनने १९८३ मध्ये जे आदर्श नियम केले त्यात यासाठी वेगळा नियमच आहे, ५.१, म्हणजे ज्युनिअरने सिनिअरच्या सांगण्यावरून नियम मोडला, किंवा सिनिअरला वेळेत कळूनही त्याने काही केलं नाही, तर सिनिअरलाही उत्तर द्यावं लागतं. चांगलंच आहे, पण नियम अंगाशी येऊ नये एवढंच बघतो, ज्युनिअरला उभं करायला कुठला नियम सांगणार?

आणि क्लायंटशी तुम्ही ज्या पद्धतीने बोलता ना, ते मी रोज चोरून शिकतेय. "केस कमजोर आहे, फी द्यायच्या आधी विचार करा" हे तोंडावर सांगायला जिगर लागते, कारण तो उठून शेजारच्या चेंबरमध्ये जाणार आणि तिथे त्याला शंभर टक्के जिंकू म्हणून सांगणारा भेटणार. तुम्हीच एकदा गांधीजींच्या दादा अब्दुल्ला केसबद्दल सांगितलं होतंत. निकाल लवादातून दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला, समोरच्याला ३७,००० पौंड आणि वर खर्च द्यायचा होता, एकरकमी दिले असते तर तो बुडालाच असता, म्हणून गांधीजींनी आपल्याच जिंकलेल्या पक्षकाराला हप्ते घ्यायला राजी केलं, आणि दोन्ही बाजूंना लवादासाठी तयार करण्यापेक्षा हेच जास्त जड गेलं असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. समोरच्याशी भांडणं सोपं, आपल्या माणसाला "आता पुरे" म्हणणं अवघड. ते ज्याला जमतं त्याच्या मागे लोक आपोआप जातात, आवाज चढवावा लागत नाही.

तुमचा तर चढतच नाही. क्लार्ककाकांना पण तुम्ही "तुम्हाला काय वाटतं, आज बोर्ड इथपर्यंत येईल का?", म्हणजे आजच्या यादीत आपल्या केसचा नंबर लागेल का, असं विचारता आणि ते सांगतील ते ऐकता, मला आधी वाटायचं उगाच मान देताय, नंतर कळलं की त्यांचा अंदाज खरंच आपल्यापेक्षा पक्का असतो. साधं माणसासारखं वागणं एवढं दुर्मिळ का झालंय देव जाणे. विद्वान पैशाला पासरी मिळतात, दुसऱ्याचं श्रेय त्याच्याच नावावर ठेवणारा एखादाच.

असो, लांबलं. मनापासून थँक्यू मॅडम. ते फ्लॅग लावलेलं कंपायलेशन, म्हणजे त्या दिवशीच्या कागदांचा गठ्ठा, अजून माझ्याकडेच आहे, क्लार्ककाका रोज मागतायत, पण मी काही इतक्यात देणार नाहीये, त्यांना तेवढं तुम्हीच समजवा.

तुमची ज्युनिअर