तिकिटं काढली आहेत, रागावू नका

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

तुम्हा दोघांची इकडची, टोरांटोची, तिकिटं काढून मोकळी झाले. विचारलं असतं तर 'पुढच्या वर्षी बघू' हेच ऐकायला मिळालं असतं. बाबांच्या डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलंय (दादाकडून विचारून घेतलं), आणि थंडी पडायच्या आत तुम्ही परत घरी असाल. मग अडलंय कुठे?

व्हीलचेअरही सांगून ठेवली आहे. तुम्ही थकलात म्हणून नाही हो! फ्रँकफर्टला विमान बदलताना फार चालावं लागतं, आणि व्हीलचेअर असली की सोबत माणूस मिळतो.

बाबा, तिकिटावर टोरांटोसाठी वाय-वाय-झेड दिसेल, ती छपाईची चूक नाही. हा विमानतळ १९३९ साली माल्टनला सुरू झाला, आणि माल्टन रेल्वे स्टेशनचा तारेचा कोड होता वाय-झेड. कॅनडातल्या बहुतेक विमानतळांसारखा त्याच्यापुढे आणखी एक वाय लागला. म्हणजे करामत तुमच्याच खात्याची! मनमाडच्या क्वार्टरमागे बाजेवर पडल्या पडल्या तुम्ही स्टेशनांचे कोड विचारायचात, "भुसावळ?" मी ओरडायचे, "बीएसएल!" दादा दौंडला अडकायचा, नुसतं डीडी असून. १९८४ मध्ये या विमानतळाला माजी पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांचं नाव दिलं, कोड तोच राहिला. आपल्याकडेही १९९५ मध्ये बॉम्बेची मुंबई झाली, विमानतळ मात्र अजून बीओएम. तिकिटं, सामान, वेळापत्रकं सगळी त्याच अक्षरांवर चालतात, बदलायच्या भानगडीत कोण पडणार?

आई, तुमची खोली खालीच आहे, जिना चढायचा नाही. पोळपाट आणलाय, ज्वारीचं पीठ इथे मिळतं. सकाळचा चहा तू म्हणशील तेव्हा, आलं घालून.

आता ऐका. बॅगा मुंबईला दिल्या की थेट इथेच मिळतील, पण पट्टीवर वाय-वाय-झेड आहे ना, ते बाबांनी स्वतः वाचायचं. इथे बेटावर आणखी एक छोटा विमानतळ आहे, त्याचा कोड वाय-टी-झेड. म्हणून मधलं अक्षर नीट बघा. बीपीच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत. लोणच्याची बरणी बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. आणि आई, विमानात पाणी प्यायचं, बाथरूमला उठावं लागेल म्हणून टाळायचं नाही.

तुमची,
छकुली