खुलं पत्र: "त्याला काय कळतंय" हे वाक्य आधी दवाखान्यातून काढा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
(हेच पत्र मा. दिव्यांग कल्याण मंत्री यांनाही, कारण आमचं घर तुमच्या दोन खात्यांच्या मधे अडकलंय)

साहेब, नमस्कार.

मी फलटण तालुक्यातली, झेडपीच्या शाळेत शिकवते. माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा आहे, घरात सगळे त्याला छोटूच म्हणतात. त्याला ऑटिझम आहे, म्हणजे सरकारी कागदावर स्वमग्नता, आणि तो बोलत नाही. दहाबारा शब्द आहेत त्याच्याकडे, ते पण मूड असेल तर. बाकी सगळं तो हाताने, नजरेने, आवाजाने सांगतो आणि आम्हाला कळतं, निदान आम्हाला वाटत होतं की कळतं.

आमचे आजोबा, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, रोज संध्याकाळी पाचला छोटूला घेऊन एसटी स्टँडवर जायचे. पंधरा वर्षं हा नेम होता. आप्पांची टोपी, कापडी पिशवी, पिशवीत शेंगदाणे, आणि स्टँडवरच्या तिसऱ्या बाकावर बसून येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी छोटू बोटाने हवेत गिरवायचा. पंढरपूर, बारामती, सातारा, स्वारगेट. त्याला वाचता येतं हे आम्हाला तिथेच कळलं. मागच्या वर्षी आप्पा गेले. मयताची गर्दी, रडारड, त्यात हा घाबरेल म्हणून सगळ्यांच्या मते त्याला मावशीकडे पाठवला आणि थेट तेराव्यानंतर घरी आणला. त्याला कोणी काहीच सांगितलं नाही. का, तर "त्याला काय कळतंय". हे मी पण म्हणाले होते साहेब, ते लपवत नाही.

तो घरी आला तेव्हा पडवीतली आप्पांची खाट काढून टाकलेली होती. तो त्या रिकाम्या जागेसमोर कितीतरी वेळ उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पाचला खुंटीवरून पिशवी काढून दारात उभा. तिसऱ्या दिवशी पण तेच. आठवडाभराने आप्पांच्या चपला कुठूनतरी शोधून काढल्या आणि उंबऱ्याबाहेर जोडून ठेवल्या, कोणी उचलल्या की परत आणून ठेवायचा. मग भाकरी सोडली. मग झोप गेली, रात्ररात्र भिंतीला टेकून बसायचा. मग स्वतःचा हात चावायला लागला, मनगटाच्या वर अजून काळा डाग आहे. आणि आईने हौसेने मोबाईलवर एसटीचे व्हिडिओ लावले तर त्याने तोंड फिरवलं. वजन ६१ वरून ४८ किलो.

आम्ही दवाखाने केले. एका ठिकाणी सांगितलं ऑटिझममध्ये असं होतंच, वय वाढलं की वाढतं. दुसऱ्या ठिकाणी झोपेची गोळी दिली, तिने तो दिवसभर गळून पडायचा, मग डोस वाढवला. एका ठिकाणी मी म्हटलं डॉक्टर त्याला डिप्रेशन असेल का, तर ते म्हणाले अहो मॅडम हा मतिमंद केस आहे, मेंटलचा नाही, तुम्ही दिव्यांगवाल्यांकडे जा. दिव्यांगवाल्यांकडे गेलो तर ते म्हणाले सर्टिफिकेट आहे ना तुमचं, मग आता आम्ही काय करणार, मानसोपचारवाल्यांकडे जा. कोणाचं नाव घ्यायचं नाहीये मला, कारण यातला एकही माणूस वाईट नव्हता. कोणाला माहितीच नव्हतं, एवढंच. त्या न माहीत असण्यात आमचे सात महिने गेले.

सातव्या महिन्यात पुण्यात एका मॅडमकडे नंबर लागला. त्यांनी फाइल उघडलीच नाही आधी. विचारलं, "हे सुरू व्हायच्या आधी घरात काय बदललं?" आई रडायलाच लागली.

त्यांनी आधी कान, दात, पोट बघून घ्यायला सांगितलं, की कुठे दुखत तर नाही ना. मग आप्पांचे फोटो क्रमाने लावून एक छोटी वही करायला सांगितली, आप्पा आजारी, आप्पा दवाखान्यात, आप्पा वारले, आता परत येणार नाहीत. हारवाला फोटो दाखवायला सांगितला. आमच्याकडे आप्पांची राख शेतात टाकून त्यावर आंब्याचं रोप लावलंय, तिथे त्याला घेऊन गेलो. त्याने तिथे पिशवी ठेवली. शेंगदाणे काढून मातीवर ठेवले. त्याला काय कळतंय म्हणणारे आम्ही सगळे बांधावर उभे होतो.

मॅडमनी डिप्रेशनचं औषध पण दिलं, कमी डोसमध्ये, आणि स्टँडवर जायचा नेम परत सुरू करायला सांगितला, आता मी जाते. वजन हळूहळू येतंय. सगळं नीट झालंय असं नाही, काही दिवस अजूनही हात चावतो. पण पाट्या परत गिरवतो.

आता मुद्द्यावर येते. आपल्याकडे जनजागृती म्हटलं की २ एप्रिलला, म्हणजे जागतिक ऑटिझम दिनाला, निळे दिवे, रॅली, भाषण. त्याने "ऑटिझम" हा शब्द पोचला, चांगलंच झालं. पण दोन गोष्टी पोचल्याच नाहीत. एक, ऑटिझम हा मानसिक आजार नाही, ती मेंदूच्या वाढीची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. दोन, आणि हीच जास्त कोणाला माहीत नाही, ऑटिझम असलेल्या माणसाला मानसिक आजारसुद्धा होऊ शकतो, चिंता, डिप्रेशन, सगळं, आणि इतरांपेक्षा जास्तच प्रमाणात होतं. पहिली गोष्ट अर्धवट शिकलेला माणूस दुसरी नाकारतो. "हा आजार नाही ना, मग मानसोपचार कशाला." बोलत नाही त्याचं दुःख ओळखायची खूण "मला वाईट वाटतंय" हे वाक्य नसतं. झोप, जेवण, आणि आवडत्या गोष्टीवरून उडालेलं मन ही खूण असते. एवढं जरी आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांना कोणी सांगितलं असतं ना.

कायदा बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात स्वमग्नता वेगळी, बौद्धिक अक्षमता वेगळी आणि मानसिक आजार वेगळा. बरोबरच आहे ते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक वाढ अपुरी असणं वगळलंय, ते पण बरोबर, कारण ती अवस्था म्हणजे आजार नव्हे. पण कोणत्याही कायद्यात असं कुठे लिहिलंय की एका माणसाला दोन्ही असू शकत नाही? व्याख्या वेगळ्या केल्या त्या माणसाला नीट ओळखायला, आणि खाली येईपर्यंत त्याचा अर्थ झाला "हा आमचा पेशंट नाही".

दिव्यांग सर्टिफिकेटसाठी ऑटिझमची जी तपासणी करतात त्यात ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. त्यात एक मुद्दा आहे, वरवर काही कारण दिसत नसताना चिडणं, अस्वस्थ होणं. टक्केवारी काढायला असेल तो उपयोगी, त्याबद्दल तक्रार नाही. पण कार्डावर टक्के छापून आले की पुढे आयुष्यभर प्रत्येक त्रासाला तेच उत्तर मिळतं, विनाकारण चिडतो, ऑटिझम आहे ना. छोटूला कारण होतं. सात महिने दारात चपला मांडून तो ते सांगत होता.

साहेब, तुमच्या खात्याकडे माणसं नाहीत असं मी म्हणणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून, तेव्हा तो ठाणे जिल्ह्यात होता. त्यात शाळा अंगणवाड्यांतून मुलं तपासायची आणि विकासात उशीर दिसला की जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचं, कल्पना फार चांगली आहे. माझ्या शाळेत त्यांची टीम येते, दात बघतात, डोळे बघतात, रक्त कमी आहे का बघतात. पण नावाने हाक मारली तर वळून बघत नाही, बोट दाखवून "ते बघ" करत नाही, आलेले दोन शब्द पण गेले, हे विचारायला निवांत वेळ लागतो आणि ते आई-आजीला विचारावं लागतं. आमच्या गावात अजून तीन वर्षांच्या पोराला "बाप पण उशिराच बोलला होता" म्हणून घरी ठेवतात. छोटू २००३ चा, त्याचं निदान व्हायला तो सात वर्षांचा झाला. तोपर्यंत गंडे झाले, अंगारे झाले, आणि आईला बोलून झालं की तू शेतात जायचीस, पोराकडे लक्ष दिलं नाहीस म्हणून असा झाला. आईच्या मायेत कमी पडलं म्हणून मूल असं होतं हे गेल्या शतकात काही डॉक्टर पण मानायचे, ते कधीच खोटं ठरलंय, पण आमच्या आईला ते आजपर्यंत कोणी पांढऱ्या कोटातल्या माणसाने तोंडावर सांगितलं नाही की बाई तुझी चूक नव्हती. हे सांगायला एक रुपया लागत नाही.

लसीचं पण तेच. लसीने ऑटिझम होतो हा १९९८ चा इंग्लंडमधला पेपर, तो ज्या मासिकात आला होता त्यांनीच २०१० मध्ये मागे घेतला. आणि आमच्या महिला बचत गटाच्या ग्रुपवर तो मेसेज अजून फिरतो, गावातली एक आई त्याच्यामुळे गोवरची लस टाळत होती. आशाताईंनी तिला समजावायचा खूप प्रयत्न केला, पण त्यांच्या हातात दाखवायला मराठीत एक साधं पान नव्हतं. स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशी शरीरात सोडून ऑटिझम बरा करतो म्हणणाऱ्या ट्रीटमेंटचं, अजून वाईट आहे, त्यासाठी लोक जमिनी गहाण टाकतात. ऑटिझमवर ही ट्रीटमेंट देऊ नये असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलंय, पण ते आमच्या गावापर्यंत कोणी आणलं? जाहिरात मात्र येते.

मग माझी मागणी काय. नवीन बिल्डिंग नको. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या टीमला आणि १४४१६ वर फोन घेणाऱ्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या समुपदेशकांना एकच गोष्ट पक्की शिकवा, की ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाचं वागणं अचानक बदललं तर आधी शरीर तपासायचं, कान, दात, बद्धकोष्ठता, फिट, मग घरात काय बदललं ते विचारायचं, आणि औषधाची चिठ्ठी त्यानंतर लिहायची. हे एका पानावर मावतं, भिंतीला चिकटवा. प्रशिक्षणात ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना बोलवा, आणि जे ऑटिस्टिक तरुण स्वतः बोलू लिहू शकतात त्यांना तर आधी बोलवा, त्यांच्याइतकं नीट कोण सांगणार.

दुसरं, बाल स्वास्थ्यचा कार्यक्रम १८ वर्षांपर्यंत. आणि १८ नंतर? माझा भाऊ १८ चा झाला त्या दिवशी त्याचा ऑटिझम संपला नाही. मुलांचे डॉक्टर म्हणतात आता मोठा झाला, मोठ्यांचे डॉक्टर म्हणतात आम्ही असे पेशंट बघत नाही. जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस ठरवा, मानसोपचारतज्ज्ञ आणि दिव्यांग विभागाचा माणूस एकाच खोलीत, एकाच टेबलावर, १८ वरच्यांसाठी. आमच्या इथून साताऱ्याला जायचं म्हणजे एसटीने दोन तास, आणि त्याला गर्दीत, हॉर्नच्या आवाजात नेणं काय असतं ते नेणाऱ्यालाच माहीत, म्हणून त्या दिवशी अशा माणसांना रांगेत चार तास बसवू नका एवढी अजून एक विनंती.

दिव्यांग कल्याणचं वेगळं खातं २०२२ च्या डिसेंबरात झालं तेव्हा मी पेढे वाटले होते खरंच. वेगळं खातं झालं म्हणजे आरोग्य खात्याचा हात सुटला असं होऊ नये, म्हणून दोघांना मिळून लिहितेय.

आणि आई. ती ५४ वर्षांची आहे, बावीस वर्षं तिने सलग झोप घेतलेली नाही. इतक्या दवाखान्यांत, इतक्या कागदांवर, तिला एकदाही कोणी विचारलं नाही की तुम्हाला झोप लागते का. त्या पुण्याच्या मॅडमनी विचारलं, तर ती म्हणाली मला काय धाड भरलीय. बाहेर आल्यावर जिन्यात बसून तिने मला सांगितलं की विहिरीवर गेलं की तिला भीती वाटते, स्वतःचीच. आता तिचेही उपचार चालू आहेत. केसपेपरवर पेशंटच्या नावाखाली एक ओळ वाढवा, "सांभाळणाऱ्याची तब्येत".

तुमच्या दोन्ही खात्यांची या एका विषयावर एकत्र बैठक कधी होईल ती तारीख कळवावी. पत्ता सोबत वेगळा पाठवलाय. फोन केलात तर पाच ते साडेसहा सोडून करा, तेव्हा मी आणि छोटू स्टँडवर असतो.

आपली,
छोटूची ताई