धणे निम्म्याहून कमी कर

लवेन (बेल्जियम), रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

तुझ्या नव्या बीअरच्या कृतीचा कागद येऊन तीन महिने झाले आणि मी गप्प. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, गुडघा जुनाच आहे.

आज लिहायला बसलो कारण संध्याकाळी इथली एक आठ टक्क्यांची विट (धणे आणि संत्र्याची साल घातलेली बेल्जियन गव्हाची बीअर) उघडली. कोणाची ते विचारू नकोस. पहिला घोट छान गेला. दुसऱ्याला तुझा कागद डोळ्यांसमोर उभा राहिला, त्यातली ती ओळ: ‘५०० लिटरला धणे १.२५ किलो.’ साध्या विटला तू ५०० ग्रॅम घालायचास. बीअर पाचाची साडेसात टक्के करायची म्हणून धणे अडीचपट? बाळ्या, ही बिर्याणी नाही, पाहुणे वाढले की मसाला वाढवायला!

काय लागलं ते नीट सांगतो, कारण हे फक्त तुलाच कळेल. ट्युलिप ग्लास, बीअर ९ अंशांवर. तीन चतुर्थांश सावकाश ओतली, उरलेली बाटलीतच गोल फिरवून तळाचं यीस्ट उठवलं आणि मग ओतली. रंग ताकाच्या निवळीपेक्षा जरा पिवळा, फेस दाट. नाकाला आधी संत्र्याच्या सालीचं तेल आलं, साल दुमडली की डोळ्यांत उडतं ते. मागून लवंग. ती लवंग कोणी टाकलेली नसते, गव्हा-बार्लीतल्या फेरुलिक आम्लापासून यीस्टच ती बनवतं, हे तुला माहीत आहे, पण तुझ्या ब्रुअरीतल्या नव्या पोराला सांग, नाहीतर तो डब्यातून खरीच लवंग काढेल. इथवर सगळं ठीक. मग घोट गिळला, तोंड मिटलं आणि नाकाने श्वास सोडला. साबण! हमाम नाही, पाहुण्यांसाठी ठेवलेला गुलाबी साबण.

धण्यांच्या तेलात सर्वांत जास्त असतं ते लिनालूल, आणि साबण-अत्तरवाले वापरतात तेही तेच. मोजकं पडलं तर फुलासारखं, लिंबासारखं वाटतं; जास्त झालं की न्हाणीघर. साध्या विटमध्ये हलका आंबटपणा आणि कोरडेपणा मसाल्याला धुऊन नेतो. साडेसात-आठ टक्क्यांत उरलेला गोडवा आणि दारूची धग त्याला जिभेवर धरून बसतात. तिसऱ्या घोटाला खोकल्याचं औषध होतं. विटचाच वीट येतो. (हा विनोद मी तीन महिने राखून ठेवला होता.)

तेव्हा ५०० लिटरला धणे ४०० ग्रॅम. साध्या विटपेक्षाही कमी! कडू संत्र्याची वाळकी साल ३०० ग्रॅम, बस. नागपुरी ताजी साल घालणार असशील तर फक्त वरची केशरी कातडी घे. आतला पांढरा भाग आला की जिभेच्या मुळाशी कडू चिकटतो. धणे खलबत्त्यात दोन तुकडे होतील इतकेच. पीठ केलंस तर गाळता गाळता मरशील. सैल मलमलच्या पुरचुंडीत बांध, दोरी उकळायच्या किटलीच्या कडीला, नाहीतर रस थंड करायच्या प्लेट्समध्ये साल अडकते. आणि उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत टाकू नकोस. वीस लिटरच्या पातेल्यात ते चालतं, कारण पातेलं लगेच गार होतं. तुझ्याकडे उकळी थांबल्यावर व्हर्लपूल (रस गोल फिरवून गाळ मधे जमवतात तो) अर्धा तास गरमच असतो, म्हणजे धणे पस्तीस मिनिटं शिजणार. व्हर्लपूल सुरू झाला की टाक, दहा मिनिटांनी पुरचुंडी बाहेर.

भाजायचे नाहीत. हे भांडण सदाशिव पेठेतल्या खोलीपासून चालू आहे आणि तू अजून चुकतोयस. भाजले की लिंबाचा वास उडतो आणि आमटीचा येतो. तुझी ती जुनी बॅच पिताना लोक भाकरी शोधत होते. एक मात्र तुझं खरं निघालं: आपले लांबट, हिरवट-पिवळे धणेच चांगले. इथे बरेचदा मिळतात ते गोल, तपकिरी मोरोक्कोचे. त्यांना सेलरीच्या देठाचा वास येतो. जुना साठा असेल तर थेट हॅमचा. हातावर चुरडून हुंग, लिंबू आठवलं तरच पोतं घे.

शंका असेल तर कमीच घाल. ५० ग्रॅम चुरडलेले धणे २०० मिली व्होडकात चार दिवस भिजवून गाळून ठेव. तयार बीअरचे शंभर-शंभर मिलीचे चार ग्लास मांड आणि सिरिंजने ०.१, ०.२, ०.३ मिली घाल, चौथा कोरा. ०.१ आवडला तर टाकीला अर्धा लिटर, तेवढा अर्क मग वेगळा कर. आत गेलेले धणे मात्र बाहेर काढता येत नाहीत. चव बघताना बीअर ९-१० अंशांवर आण. टॅपच्या तीन अंशांवर साबण लपतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात ग्लास कोमट झाला की बाहेर येतो.

दुसरी काळजी धण्यांहून मोठी आहे. कागदावर ग्रॅव्हिटी (रसाची घनता, साखरेची दारू होते तशी ती उतरते) १.०७०. साखर आहे, यीस्ट जोरात आहे, १.००८ला उतरलं तर ८.१ टक्के, आणि आपल्याकडे बीअरची हद्द ८. एक्साइजवाल्याला मग संत्र्याची साल दाखवणार का? १.०६६ धर: पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) ७० किलो, कच्चा गहू ५५, ओट्स ८, साखर ८. अगदी १.००७ला गेलं तरी पावणेआठाच्या आत राहशील. गव्हाला टरफल नाही, तेव्हा भाताचं तूस चार किलो मिसळ, नाहीतर मॅश (गरम पाण्यात कालवलेलं दळलेलं धान्य) चिखलासारखा बसतो. ५० अंशांवर पंधरा मिनिटं, मग ६५ वर तासभर. यीस्ट १८ ला टाक, तीन दिवसांत २२ पर्यंत चढू दे. पहिल्याच दिवशी २५ झालं तर घशात स्पिरिट जळतं आणि त्यावर कोणताही मसाला उपयोगाचा नाही.

घाई करू नकोस असं मी म्हणणार होतो, पण तेही धड खरं नाही. धग मऊ व्हायला दोन महिने लागतात आणि तोवर धण्यांचा वास निम्मा उडतो. मी चार आठवड्यांवर टॅप उघडला असता.

पिअर सेलिसचं काय विचारलं होतंस? १९६६ला इथल्या होगार्डन गावात बंद पडलेली विट परत सुरू केली ती त्यानेच, आणि तो आधी दूध विकायचा हेही खरं. म्हणून तू पाणी घालायला मोकळा नाहीस.

वहिनींची बदली रद्द झाली का? चिन्याचं दहावीचं वर्ष ना, त्याला ब्रुअरीत फिरकू देऊ नकोस. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, नमस्कार सांग.

मॅश मंगळवारी आहे असं लिहिलं होतंस. कोणता मंगळवार ते लिहिलं नव्हतंस, गाढवा. हे पत्र मिळताच फोन कर.

तुझा,
सुध्या