विषय: ‘क्रम १ मुख्य, क्रम २ राखीव’ अशी चुकीची माहिती देऊन सेवा विकल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आप्पा बळवंत चौकात आमचे शालेय पुस्तकांचे दुकान आहे आणि वेबसाइट तुमच्याकडे होस्ट केलेली आहे. जूनमध्ये आम्ही दुपारी १ ते ४ सुद्धा दुकान उघडे ठेवतो, यावरून सीझनची कल्पना यावी.

मार्चमध्ये तुमच्या प्रतिनिधीच्या आग्रहावरून जादा पैसे भरून दुसरा, राखीव सर्व्हर घेतला. तुमच्या पॅनेलवर आमच्या वेबसाइटच्या नावापुढे दोन ए रेकॉर्ड, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या नोंदी, टाकले. तिथे ‘क्रम’ असा रकाना आहे. मुख्य सर्व्हरला १, राखीवला २. "पहिला बंद पडला तरच लोक दुसऱ्याकडे जातील," हे फोनवर सांगितले आणि मेलमध्ये लिहूनही दिले. मेल सोबत जोडला आहे. रोज रात्री २ वाजता मुख्य सर्व्हरचा डेटाबेस राखीववर उतरतो, एवढीच त्या दोघांची गाठभेट.

११ जूनला धायरीहून एक बाई आल्या. हातात ओली छत्री, फोनवर सातवीच्या संचाचा ऑर्डर नंबर, पैसे कापल्याचा मेसेज. "कव्हरं घालून ठेवलीत ना?" असे त्यांनी विचारले आणि आमच्या स्क्रीनवर तो नंबरच नाही. संध्याकाळपर्यंत असे नऊ जण झाले.

तुमच्या हेल्पलाइनचे उत्तर: ब्राउझरची कॅश साफ करा. कोणाच्या? गिऱ्हाइकांच्या घरोघरी जाऊन?

शेवटी भाच्याने वेबसाइटच्या नावावर डिग कमांड (नावाला कोणते पत्ते मिळतात ते दाखवणारी) दहा वेळा चालवली. सहा वेळा मुख्य सर्व्हरचा पत्ता वर आला, चार वेळा राखीवचा. मुख्य सर्व्हर तेव्हा ठणठणीत चालू होता! बहुतेक प्रोग्राम यादीतला वरचा पत्ता आधी धरतात. म्हणजे मार्चपासून आमची बरीच गिऱ्हाइके राखीव सर्व्हरवर ऑर्डर देत होती आणि रात्री २ ला प्रत उतरली की त्या ऑर्डरी पुसल्या जात होत्या. एप्रिल-मेमध्ये दोघा-तिघांशी यावरून आम्ही वाद घातला होता. त्यांची माफी मागायची राहिली आहे.

हे तुम्हाला ठाऊक असायला हवे होते. १९८७ च्या आरएफसी १०३४ मध्येच, म्हणजे इंटरनेटवरची नावांची व्यवस्था सांगणाऱ्या मूळ दस्तऐवजातच, लिहिले आहे की एका नावाच्या एकाच प्रकारच्या नोंदींच्या क्रमाला अर्थ नाही आणि तो जपण्याचे बंधन नेम सर्व्हरवर (या नोंदी ठेवून उत्तर देणारा) नाही, रिझॉल्व्हरवरही (गिऱ्हाइकासाठी ते उत्तर विचारून आणणारा) नाही. मेलच्या एमएक्स रेकॉर्डमध्ये प्राधान्याचा आकडा असतो. ए रेकॉर्डमध्ये त्याला जागाच नाही. मग तुमच्या रकान्यातला १ आणि २ जातो कुठे? पॅनेलवरच राहतो. उलट भार वाटला जावा म्हणून कित्येक नेम सर्व्हर मुद्दाम क्रम फिरवतात. तुम्ही तो पक्का ठेवला तरी मध्ये गिऱ्हाइकाच्या इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर बसलेला. तो तुमचे उत्तर साठवून आपल्या मर्जीच्या क्रमाने वाटणार, आणि पुढे फोन किंवा कॉम्प्युटर स्वतःच्या नियमाने पुन्हा लावणार. म्हणूनच तुमच्या तंत्रज्ञाने पाठवलेल्या ‘आमच्याकडे बरोबर दिसतंय’ या स्क्रीनशॉटने काहीच सिद्ध होत नाही. चौकात ‘दहावीचं भूगोल कुठे मिळेल’ विचारले तर लोक दोन दुकाने सांगतील. आधी कोणते सांगितले, यावरून त्यातले मुख्य कोणते ते ठरत नाही.

१४ तारखेला दुपारी आम्ही राखीवचा रेकॉर्ड काढला. टीटीएल, म्हणजे जुने उत्तर साठवून ठेवण्याची मुदत, तुम्ही ८६४०० सेकंद भरून ठेवलेला, म्हणजे पूर्ण दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ऑर्डरी तिकडेच जात होत्या.

राखीव सेवेचे मार्चपासूनचे पैसे परत करावेत आणि तो ‘क्रम’ रकाना पॅनेलवरून काढावा. खरा राखीव सर्व्हर विकायचा असेल तर मुख्य सर्व्हर चालू आहे की नाही हे तपासून मगच पत्ता बदलणारी सोय द्या. सर्वांत तातडीचे म्हणजे, प्रत फक्त डेटाबेसची उतरते, त्यामुळे राखीव सर्व्हरचे लॉग (तिथे कोण आले, काय केले याच्या नोंदी) शाबूत असावेत. त्यावरून हरवलेल्या ऑर्डरींचा जो काही माग लागेल तो दोन दिवसांत काढून द्यावा. धायरीच्या बाईंना संच दिला, कव्हरे घालून. पण २७ जणांचे पैसे आमच्या खात्यात आहेत आणि कोणाला कितवीची पुस्तके हवीत, हे आम्हाला माहीत नाही.

आपला,
दुकानाचा मालक
आप्पा बळवंत चौक, पुणे