गांजा पकडल्याच्या बातमीखाली दोन ओळी छापा

संपादक महोदय,

तुमच्या पेपरात दर चार दिवसांनी असतंच, अमक्या ठिकाणी छापा, इतक्या लाखांचा गांजा जप्त, फोटोत पोलीस उभे आणि पुढे टेबलावर पुड्या. वाचून आम्ही म्हणायचो हे सगळं कळंगुट-हणजूणकडचं, आपल्याला काय त्याचं. आम्ही फोंड्याकडचे, घरात कोणाला साधी तंबाखू नाही.

मुलगा सोळाचा, हायर सेकंडरीला. बॅगेत डोळ्यांत घालायचे ड्रॉप्स सापडले तेव्हा मला वाटलं मोबाईल बघून बघून डोळे लाल होतात बिचाऱ्याचे, आणि ती बाटली संपली तशी फार्मसीतून दुसरी मीच आणून दिली! मग ह्यांच्या फोनवरून रात्री जीपेने कधी २०० कधी ३०० जायला लागले तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, पोरगा गांजा ओढतोय आणि डोळे त्यानेच लाल होतात.

पुढचे चार महिने नुसते वाया घालवले. सासूबाईंनी देवळात कौल लावला, ह्यांनी एकदा मारलं, भाऊ म्हणाला मुंबईला पाठव, पण डॉक्टरकडे जायला कोणी तयार नाही, भीती एकच, पोलिसांत नाव जाईल आणि पोराचं वाटोळं होईल. १९८५च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातच ६४अ कलम आहे म्हणे, व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल आणि ते पुरे करत असेल तर सेवनाबद्दल किंवा थोडासा माल सापडल्याबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही. विकणाऱ्याला ही सवलत नाही, आणि नसावीच. हे आम्हाला सांगितलं कोणी, तर शेवटी बांबोळीच्या सरकारी मानसोपचार इस्पितळात गेलो तेव्हा ओपीडीत बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईने, तिचा मुलगा तिसऱ्यांदा आलेला.

ॲडमिट केल्यावर मलाही तिथेच राहावं लागलं. १८च्या आतल्या पेशंटजवळ घरचं माणूस पूर्ण वेळ पाहिजे असं २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. बरोबरच आहे म्हणा, पण मी खाजगी नोकरीत, रजेच्या अर्जात काय लिहू? ऑपरेशन आहे म्हणून लिहिलं. पहिला आठवडा विचारू नका, झोप नाही, घाम, चिडचिड, पेज समोर ठेवली की वाडगा ढकलून द्यायचा.

पण खरी माती मी खाल्ली ती घरी आल्यावर. बंद केल्याला तीन आठवडे झालेले, मी गुपचूप लघवी तपासायचं किट आणलं, त्यात एकच रेघ आली की पॉझिटिव्ह, गरोदरपणाच्या किटच्या उलट. एकच आली. मी नको नको ते बोलले. तो काही बोलला नाही, आत जाऊन कडी लावली. नंतर डॉक्टर म्हणाले अहो गांजा चरबीत साठतो, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत बंद केल्यावर महिनाभरसुद्धा दिसू शकतो, त्याने खरंच सोडला असेल. त्या दिवशी त्याची माफी मागितली, तर म्हणाला ठीक आहे गे आई, मी पण तुला खूप फसवलंय. कॉलेजने मात्र सर्टिफिकेटवरचं हॉस्पिटलचं नाव वाचलं आणि गोड बोलून दाखला घेऊन जा सांगितलं, आता दुसरीकडे बघतोय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, छाप्याची बातमी जरूर छापा, पण तिच्याखाली चौकटीत दोन ओळी टाका. व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाईन नंबर १४४४६, मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६, आणि ते ६४अ कलम साध्या भाषेत. जागा किती लागेल, वधू-वरच्या एका जाहिरातीएवढी. आमचे चार महिने वाचले असते.

आणि कृपा करून माझं नाव-गाव छापू नका, नुसतं ‘एक आई’ चालेल, आमच्या वाड्यावर सगळ्यांकडे तुमचाच पेपर येतो.

एक आई, फोंडा तालुका